भाषाशिक्षणाचा इतिहास आणि झाडीपट्टीतील विद्यार्थी

भंडारा जिल्हा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून सर्वत्र ओळखला जातो. वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या या जिल्ह्याच्या भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांत पावसाने जोर धरला, की बांध्याबांध्यांतून रोवणा सुरू होतो आणि गावेच्या गावे शेतावर लोटतात. या धनधान्याच्या संपत्तीबरोबरच जिल्ह्याजवळ आणखी एक संपत्ती आहे. मात्र तिची नोंद कोणत्याही पीक-पाहणीत होत नाही. ती म्हणजे येथील भाषांची. मराठी ही जिल्ह्याची प्रमुख भाषा असली, तरी घरोघरी बोलली जाते ती बहुधा झाडीबोली. तुमसर व मोहाडीच्या बाजूस पवारी ऐकू येते. गोंडांच्या वस्त्यांतून गोंडी आणि हलबांच्या काही घरांतून हलबी बोलली जात आली आहे, तर आठवडी बाजारात हिंदीशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

अशा या जिल्ह्यातील महाविद्यालयांत आज शिकत असलेले कित्येक तरुण-तरुणी उद्या प्राथमिक व माध्यमिक शाळांतून शिक्षक म्हणून उभे राहणार आहेत. त्यांना भाषा शिकवावयाची आहे, किंवा भाषेच्या द्वारे गणित आणि विज्ञान शिकवावयाचे आहे. परंतु आपल्याकडे भाषा आजवर कशी शिकविली गेली, कोणी शिकविली, कोणती भाषा वर्गात घेतली गेली आणि कोणती उंबऱ्याबाहेर राहिली, याची माहिती त्यांना कितपत असते? शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा इतिहास येतो, पण तो मेकॉले, वुड, हंटर, कोठारी अशा नावांची आणि सनावळीची माळ होऊन. परीक्षा संपली की माळ तुटते. हा इतिहास विद्यापीठीय विद्यार्थ्यांना शिकवावयाचा असेल, तर त्याची सुरुवात लंडन वा कलकत्त्याहून न करता साकोली-लाखांदूरच्या पहिलीच्या वर्गापासून करणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

चूक की बोली?

पहिलीत नव्याने दाखल झालेले मूल पाटीवर ‘पानी’ असे लिहिते. शिक्षक ‘नी’ पुसून ‘णी’ करतात. ‘डोळा’ या शब्दाचा उच्चार मूल ‘डोरा’ असा करते, ‘शेत’ला ‘सेत’ म्हणते. शिक्षकांच्या दृष्टीने या तीन चुका झाल्या. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र यात एकही चूक नाही. झाडीबोलीत ‘ण’, ‘ळ’, ‘श’ हे ध्वनी नाहीत. त्यांच्या जागी अनुक्रमे ‘न’, ‘र’, ‘स’ येतात. मूल आपल्या बोलीचा नियम अचूकपणे पाळीत असते. त्या नियमाची ओळख नसलेला शिक्षक त्याला अशुद्ध ठरवितो, आणि पुढे वर्गात तोंड उघडण्यापूर्वी मूल दोनदा विचार करू लागते.

ध्वनींपेक्षाही शब्दांचा प्रश्न मोठा आहे. सहा वर्षांच्या शेतकऱ्याच्या टुऱ्याला बांधी म्हणजे काय, धुरा कशाला म्हणतात, पऱ्हे किती दिवसांचे झाले म्हणजे रोवणा करतात, बोडी आणि तलाव यांत फरक काय, हे सारे ठाऊक असते. पुस्तकात त्याला ‘वाफा’, ‘बांध’, ‘रोपे’ आणि ‘लावणी’ भेटतात. त्याचे ज्ञान पुष्कळ असते, परंतु त्या ज्ञानाचे शब्द पुस्तकात नसतात. गोंडी बोलणाऱ्या मुलाची अडचण याहून बिकट असते, कारण गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असून मराठीशी तिचे मूळ नातेच नाही. झाडीबोलीचे मूल पुस्तकातील निम्मे तरी अंदाजाने ओळखते. गोंडी मुलास तेवढाही आधार नसतो.

हा अनुभव केवळ झाडीपट्टीचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधील काही शाळांत मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत; तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात असे आणि दिवसअखेर तो ज्याच्याजवळ राही, त्याला शिक्षा होई. आपल्याकडे गळ्यात लाकूड अडकविले गेले नाही. लाल शाईने तेच काम पुष्कळसे केले.

पवनीचे शिलालेख आणि रिद्धपूरची मराठी

लोकभाषा मोठी की शास्त्राची भाषा, हा वाद इंग्रजांनी आणलेला नाही. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि नागपूर विद्यापीठ यांनी संयुक्तपणे उत्खनन केले, तेव्हा तेथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. स्तूपाच्या कठड्यांवर दान देणाऱ्यांचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत आणि त्यांची भाषा प्राकृत आहे. दात्याने आपले नाव लोकांच्या भाषेत कोरविले. वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी लेखनाची अशी परंपरा होती, ही गोष्ट जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने तेथे जाऊन पाहण्याजोगी आहे.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. चक्रधरस्वामींच्या परिवारातील निळभट्ट भांडारेकार यांचे नाव ‘लीळाचरित्रा’त येते, त्यांच्या नावातच भंडारा आहे. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे ‘लीळाचरित्रा’ची रचना केली. पंथाचे आचार्य नागदेव यांच्या संबंधाने एक प्रसंग प्रसिद्ध आहे. केशिराजबास हे संस्कृतज्ञ पंडित संस्कृतातून ग्रंथरचना करीत असता नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतात लिहिल्यास पंथातील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिकणारा कोण, हे आधी पाहावे आणि मग शिकविण्याची भाषा ठरवावी, हे शिक्षणशास्त्राचे सूत्र येथे सातशे वर्षांपूर्वी स्पष्टपणे मांडले गेले आहे. मराठीच्या व्याकरणाचा पहिला प्रयत्न म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो भीष्माचार्यांचा ‘पंचवार्तिक’ हा ग्रंथही याच पंथातला. पुढे मात्र याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले, आणि जे ज्ञान सर्वांसाठी मराठीत आले होते, ते शेकडो वर्षे पंथाबाहेरच्या वाचकाला बंद राहिले. विद्यार्थ्यांपुढे ही दुसरी बाजूही ठेवली पाहिजे. एरवी इतिहासाचे स्तोत्र होते.

याच रिद्धपूर येथे राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले असून २०२४ मध्ये त्याचे कार्य सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

पंतोजींची शाळा विलायतेत

इंग्रजी अमलापूर्वीच्या गावठी शाळेविषयी आजच्या विद्यार्थ्याला बहुधा छडीखेरीज काही माहीत नसते. पंतोजी धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवून घेत. ‘ओनामासिधं’ने आरंभ होई. बाराखडी झाल्यावर बोरूने मोडीचा कित्ता, पाढे, पावकी, निमकी आणि हिशेब असा क्रम असे. ग्रंथांची भाषा बाळबोध लिपीत, तर व्यवहाराची मोडीत. दोन्ही लिप्यांचे शिक्षण सर्वांना मिळत नसे. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर या शाळांचे दार बंदच होते.

तथापि या शाळेचा एक विशेष असा, की मोठी मुले लहान मुलांना शिकवीत. मद्रास येथे अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था पाहणारे अँड्र्यू बेल यांनी तेथील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, ही रीत आपल्या आश्रमात आणली, मुलांकडूनच मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली आणि १७९७ मध्ये लंडनला तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जोसेफ लँकेस्टर यांनीही तशीच पद्धत चालविली. इंग्लंडमधील गोरगरिबांच्या शाळांत ही पद्धत पसरली आणि काही वर्षांनी मुंबई इलाख्यातील शाळांत ‘नवी विलायती पद्धत’ म्हणून परत आली! हा प्रवास वर्गात सांगितल्यास भाषाशिक्षणाचा इतिहास एका बाजूने वाहणारा ओघ नव्हता, हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येते.

मोल्सवर्थ, कँडी आणि ‘शुद्ध’ मराठी

आज ज्या मराठीला आपण प्रमाण म्हणतो, ती कोणी एका दिवशी ठरविली नाही; पण ती घडविण्याचे मोठे काम एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मुंबई-पुण्यात झाले. मुंबई इलाख्यात शाळा व पाठ्यपुस्तके यांसाठी एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत संस्था उभी राहिली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. मेजर कँडी यांनी दीर्घ काळ पाठ्यपुस्तकांची भाषा तपासली. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम इत्यादी विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. या कामात त्यांच्या हाताशी होते ते प्रामुख्याने पुण्याकडचे आणि कोकणातले शास्त्री-पंडित. साहजिकच त्यांच्या तोंडची भाषा पुस्तकाची भाषा झाली.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रमाण भाषा असणे हा दोष नव्हे. सावंतवाडीचा मनुष्य लिहितो ते गोंदियाच्या मनुष्याला कळते, ही तिची मोठी देणगी आहे. परंतु ती एका प्रदेशाच्या बोलीवरून घडली, म्हणून ती स्वभावतः शुद्ध आणि बाकीच्या भ्रष्ट, असा निष्कर्ष निघत नाही. ती स्थिरही नाही. ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार देऊन लिहिणाऱ्या पिढीला ते न दिल्यास शाळेत गुण कमी मिळत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर ते दिल्यास गुण कमी मिळू लागले. आजोबांचे शुद्ध ते नातवाचे अशुद्ध! १९७२ मध्ये या चौदा नियमांत आणखी चारांची भर पडली.

इंग्रजीच्या बाबतीत १८३५ चा मेकॉले यांचा अभिप्राय आणि १८५४ चा वुड यांचा खलिता यांतील फरक समजावून द्यावा लागतो. मेकॉले यांचा सारा भर थोड्यांना इंग्रजीतून शिकविण्यावर होता, तर वुड यांच्या खलित्याने सर्वसामान्यांसाठी देशी भाषा आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी अशी विभागणी केली. विभागणी कागदावर समतोल होती. नोकरी मात्र इंग्रजी जाणणाऱ्याला मिळे. आज लाखनीतील शेतकरी पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो, तेव्हा त्याला वेड्यात काढण्यापूर्वी ही दीडशे वर्षांची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी.

या काळातील एक दस्तऐवज मात्र सनावळीच्या ओझ्याखाली हरवू देऊ नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केलीच, शिवाय त्यात काय शिकवावे हेही सांगितले : मोडी आणि बाळबोध या दोन्हींचे लेखन-वाचन, हिशेब, थोडे व्याकरण, इतिहास, भूगोल आणि शेतीची माहिती. ज्या मोडीत सावकार व कुळकर्णी लिहीत, ती शेतकऱ्याच्या मुलाला वाचता आली पाहिजे, हे त्यामागचे मर्म ओळखणे कठीण नाही. लिपी शिकविणे म्हणजे खतावरचा आकडा स्वतः वाचण्याची शक्ती देणे होय.

भंडाऱ्याचा निराळा मार्ग

वरील बहुतेक घडामोडी मुंबई इलाख्यातील आहेत, आणि येथेच भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याने थांबून विचारावयास हवे, की त्या वेळी आपण कोठे होतो? नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात गेला. मुंबई विद्यापीठाशी त्याचा संबंध नव्हता. नागपूरच्या महाविद्यालयांच्या परीक्षा प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीला यश येऊन १९०१ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला, ही घटना मराठी भाषेच्या दृष्टीने मोठीच. पण भंडाऱ्याच्या तरुणाला तिचा प्रत्यक्ष लाभ नव्हता.

मध्य प्रांत हा मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांचा प्रांत होता. त्यामुळे येथे ‘देशी भाषेतून शिक्षण’ म्हणताच ‘कोणत्या देशी भाषेतून’ हा प्रश्न लगेच उभा राही. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने इंग्रजीऐवजी मराठी व हिंदी ही शिक्षणाची माध्यमे करण्याचे धाडस केले. डॉ. रघुवीर यांनी संस्कृतावर आधारलेल्या पारिभाषिक शब्दांची टांकसाळ नागपुरातच उघडली होती. त्यातील काही शब्द रुळले, काहींची थट्टा झाली. परंतु परिभाषा सिद्ध करणे हे भाषाशिक्षणाचे अटळ अंग आहे, हे त्या प्रयोगाने दाखविले. शेजारच्या वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली मातृभाषेतून आणि उद्योगातून शिक्षण हा विचार मांडला गेला, तोही याच प्रांतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पवारी बोलणाऱ्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांतून राज्याची सीमा गेली. एकाच बोलीची मुले नदीच्या एका बाजूस मराठीत आणि दुसऱ्या बाजूस हिंदीत शिकू लागली. त्याच वर्षी घटनेत ३५० (क) हा अनुच्छेद घालण्यात येऊन भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे उत्तरदायित्व राज्यांवर आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, २७ जानेवारी १९६७ ला ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि मुंबईपासून भंडाऱ्यापर्यंत पाठ्यपुस्तक एक झाले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी बोलींनी ती वाटणी मानलेली नाही.

पुरावा हाताशी आहे

हा विषय महाविद्यालयात शिकविण्याला आज अनुकूल परिस्थिती आहे. २०१५ पासून बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यावर सर्व विषयांच्या अध्यापनातील भाषेचे स्थान हा अभ्यासघटक त्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पालाही श्रेयांक आहेत. प्रश्न आहे तो या तासिका कशाने भरावयाच्या याचा.

साधने दूर नाहीत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नागपुरीबरोबरच गोवारी, कोष्टी, कुंभारी, हलबी अशा बोलींचे नमुने आहेत. पवारीचा विचार पूर्व हिंदीच्या खंडात आहे. बायबलमधील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतलेली असल्याने तुलना सोपी जाते. तीच गोष्ट आज गावातील वृद्ध स्त्रीकडून ऐकून लिहून घेतली, तर शंभराहून अधिक वर्षांत काय बदलले ते विद्यार्थ्याला स्वतःच्या कानांनी समजेल. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडार या लोकनाट्याचा केलेला अभ्यास हा या कामातील मोठा आधार आहे.

दुसरे साधन म्हणजे घर. आजी कोणत्या भाषेत बोले, शाळेत गेली का, गेली असल्यास किती इयत्ता. वडिलांना वर्गात कोणत्या शब्दासाठी मार बसला. धाकटी बहीण मोबाईलवर कोणत्या भाषेत लिहिते, अशी तीन पिढ्यांची नोंद प्रत्येक विद्यार्थ्याने केल्यास एका वर्गातून साठ-सत्तर कुटुंबांचा भाषाशिक्षणाचा इतिहास हाती येईल. तो कोणत्याही ग्रंथात नाही. अशा नोंदी करताना कुटुंबाचे नाव गाळावे आणि सांगणाऱ्याची संमती घ्यावी. वडिलांच्या ट्रंकेत एखादा मोडी कागद निघाला, तर तो वाचण्याच्या निमित्ताने लिपीचीही ओळख होईल. मोडीचे वर्ग घेणारे जाणकार राज्यात आता पुष्कळ आहेत.

तिसरे साधन इंग्रजीच्या जुन्या पुस्तकांचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. नियम, शब्द आणि मग वाक्यांचे भाषांतर, ही तिची रीत. युरोपात ग्रीक-लॅटिन शिकविण्यासाठी वापरली जाणारी पद्धतच येथे जिवंत भाषेला लावली गेली होती. तिने शिकलेल्यांना इंग्रजी लिहिता येई, बोलताना जीभ अडखळे. वास्तविक मोराव्हियाचे कोमेनियस यांनी १६५८ मध्येच चित्रे आणि वस्तू दाखवून भाषा शिकविणारे पुस्तक काढले होते. आपल्या राज्यात इंग्रजी २००० पासून पहिलीपासून शिकविली जाते; ती कोणत्या रीतीने शिकविली जाते, हे विद्यार्थ्यांनी जवळच्या शाळेत बसून पाहावे आणि दोन्ही पद्धतींशी ताडून पाहावे.

बोलीला वर्गात स्थान दिले, तर मुलाची प्रमाण मराठी कच्ची राहील, अशी शंका पालक आणि काही शिक्षकही घेतात. शंका अनाठायी नाही. परीक्षा आणि नोकरी प्रमाण भाषेतच आहे. पण बोलीला स्थान देणे म्हणजे प्रमाण भाषा सोडणे नव्हे. ‘आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी असते’ एवढे एक वाक्य शिक्षकाने उच्चारले तरी मुलाच्या हाती दोन्ही शब्द राहतात. हे वाक्य उच्चारण्यासाठी शिक्षकाला आपण खोडतो ती चूक आहे की बोलीचा नियम, एवढे ठाऊक असावे लागते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे; मातृभाषा कोणती, हे प्रत्येक शाळेत प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागेल.

या दृष्टीने एक लहानसे काम जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाला येत्या पावसाळ्यात हाती घेता येण्यासारखे आहे. पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंतच्या धानशेतीतील शब्दांची यादी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातून जमवावी. शब्दाशेजारी गावाचे नाव, सांगणाऱ्याचे वय, आणि पवारी, गोंडी वा हलबी पर्याय असल्यास तोही लिहावा. पाठ्यपुस्तकातील शब्द शेवटच्या रकान्यात भरावा. ही यादी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहील आणि तिची एक प्रत गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीच्या शिक्षकांच्या टेबलावर ठेवता येईल.